गुरुवारच्या आधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "प्रतिकारशक्ती वाढवायचं सलाइन आहे, त्यात घाबरायचं काय?" मी तेव्हा हो म्हटलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

बाबा, गुरुवारी तुम्हाला कॅन्सरसाठी जे औषध सुरू होणार आहे, ते शक्ती वाढवत नाही. शक्ती तुमच्यात आहेच, तिला लागलेला ब्रेक ते सोडवतं. आपल्या टी पेशींना, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींना, शत्रू नुसता ओळखून चालत नाही. हल्ल्यासाठी आणखी एक होकार लागतो, तो त्यांच्या अंगावरच्या सीडी-२८ या प्रथिनातून मिळतो. पण पेशी एकदा पेटली की तिच्यावर आवरणारी प्रथिनंही येतात. सीटीएलए-४ हे त्यातलं एक. होकाराची जागा ते सीडी-२८ पेक्षा घट्ट धरून बसतं. दुसरं पीडी-१. याचा फायदा कॅन्सरची गाठ घेते: तिच्या पेशी अंगावर पीडी-एल-१ नावाचं प्रथिन बाळगतात, ते पीडी-१ ला भिडलं की चालून आलेली टी पेशी तिथेच थंडावते. तुमचं औषध म्हणजे पीडी-१ वर आधीच जाऊन बसणारी अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या एकाच जागी चिकटणारं प्रथिन.

आई, तू विचारलंस की असले ब्रेक शरीरात असतात तरी कशाला. १९९५ साली सीटीएलए-४ चं जनुक नसलेले उंदीर तयार केले होते. तीन-चार आठवड्यांतच ती पिल्लं गेली, त्यांच्याच टी पेशी हृदयात आणि स्वादुपिंडात घुसल्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. पुढच्याच वर्षी जेम्स अ‍ॅलिसन या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या गटाने तोच ब्रेक अँटिबॉडीने अडवून उंदरांमधल्या गाठी घालवल्या. पीडी-१ हे तासुकु होन्जो या जपानी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलेलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते खरं आहे. तरी मला आशा वाटते, खूप वाटते.

पण ब्रेक सुटला की तो फक्त गाठीपुरता सुटत नाही. आतडं, फुप्फुस, यकृत, थायरॉइड, कुठेही दाह होऊ शकतो, कधी काही महिन्यांनीसुद्धा. वेळेत कळलं तर बहुतेकदा स्टेरॉइडने आटोक्यात येतो. म्हणून बाबा, खोकला आला की फोन लांब धरून "ठसका लागला" म्हणायची तुमची सवय आता सोडा. माझ्यासाठी सोडा. जुलाब झाले, दम लागला, तर "बघू उद्या" नको. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि हे औषध चालू आहे हे आधी सांगायचं.

आई, गुरुवारच्या आधी एका वहीत लिहून ठेव: बाबा सध्या दिवसातून किती वेळा शौचाला जातात, खोकला किती येतो, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबतात. पुढे काही बदललं तर त्याच पानाशी ताडून बघता येईल.

बुधवारी रात्री पोचते.

तुमची,
ताई