आतड्यांतल्या जिवाणूंचे अन्न

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पोटाच्या तक्रारींना कंटाळून तू भूमध्यसागरी आहार, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांची पारंपरिक खाण्याची पद्धत, सुरू करतो आहेस, हे तुझ्या पत्रातून कळले आणि आनंद झाला. मात्र त्याची सुरुवात ऑलिव्ह तेलाची बाटली आणि प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंच्या) गोळ्या आणून केलीस, हे वाचल्यावर सविस्तर लिहिल्यावाचून राहवेना. त्या आहारातले तेल सगळ्यांच्या नजरेत भरते. पण आतड्यांतल्या जिवाणूंचा विचार केला तर कडधान्ये, भाज्या, फळे, अख्खी धान्ये आणि अक्रोड-बदाम यांचे मोल तेलापेक्षा कितीतरी अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण पचनाच्या क्रमातच आहे. साखर, बहुतेक पिष्ट, प्रथिने आणि तेल-तूप यांचा मोठा भाग लहान आतड्यातच शोषला जातो, त्यामुळे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला त्यातले फार थोडे येते. कडधान्ये, भाज्या, फळे यांतले तंतुमय पदार्थ मात्र आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत आणि जसेच्या तसे पुढे पोचतात. तेथे फीकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया यांसारखे जिवाणू एकमेकांच्या साहाय्याने ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा रक्तातल्या साखरेतून न घेता या ब्युटिरेटमधून मिळवतात, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मी थक्क झालो होतो. शिवाय दाह (शरीरातली सूज) आटोक्यात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशींनाही त्याचे पाठबळ मिळते.

तंतू मिळालेच नाहीत तर काय होते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात दिसले. मानवी आतड्यांतले जिवाणू वसवलेल्या उंदरांना तंतुविरहित खाद्य दिल्यावर त्या जिवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्माचा थरच खायला सुरुवात केली, तो थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरणे सोपे गेले. उंदरांवरून माणसांविषयी थेट निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे. तरीही तो प्रयोग मनातून जात नाही.

माणसांवरचे पुरावेही आता बरेच जमले आहेत. युरोपातील पाच देशांत 65 ते 79 वयाच्या 612 व्यक्तींच्या जिवाणूंचा वर्षभराच्या आहारबदलाआधी आणि नंतर अभ्यास झाला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी भूमध्यसागरी आहार अधिक काटेकोरपणे पाळला, त्यांच्यात विशिष्ट जिवाणूंचे प्रमाण वाढले, आणि त्या वाढीचा संबंध कमी दाहाशी व वार्धक्यातील कमी दुर्बलतेशी आढळला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे लक्षात असू दे. इटलीत 153 जणांवर झालेल्या एका पाहणीने, मासे-मांस सोडावे लागेल का, या तुझ्या शंकेचे उत्तर दिले आहे: मिश्राहारी असूनही वनस्पतिजन्य अन्न भरपूर खाणाऱ्यांच्या मलात ही मेदाम्ले चांगल्या प्रमाणात होती. तेव्हा मासे सोडण्याचे कारण नाही. लाल मांस मात्र कमी कर, कारण त्यातल्या कार्निटीन या घटकापासून जिवाणू जो पदार्थ बनवतात, त्याचे यकृतात होणारे रूपांतर हृदयविकाराशी जोडले गेले आहे.

तेलावर मी अन्याय करत नाही. त्यातील पॉलिफेनॉलांचा (वनस्पतींत आढळणाऱ्या एका प्रकारच्या द्रव्यांचा) काही भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि जिवाणू त्याचे रूपांतर करतात. अक्रोडातल्या अशाच द्रव्यांपासून जिवाणू युरोलिथिन नावाचे संयुग बनवतात, पण ते बनवणारे जिवाणू सर्वांच्याच पोटात नसतात. त्यामुळे एकाला जो लाभ झाला तोच आणि तेवढाच तुला होईल, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर विश्वास ठेवू नकोस. गोळ्यांविषयीही हेच म्हणेन: बाहेरून आलेले जिवाणू बहुधा आतड्यात टिकून राहत नाहीत, तर आधीपासून असलेल्यांना तू रोज अन्न पुरवू शकतोस.

एक विनंती आहे. कडधान्यांचे प्रमाण एकदम वाढवू नकोस. आंबवण्याच्या क्रियेत वायू तयार होतोच आणि तुझे पोट आधीच फुगते आहे. म्हणून थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून काही आठवड्यांत ते वाढव आणि पाणी भरपूर पी. वजन आपोआप घटत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर आहाराचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेट. महिनाभराने पोटफुगी कितपत कमी झाली, ते मला अवश्य कळव.

तुझा,
बालमित्र