हर्नियाचं नसलेलं ऑपरेशन

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणजे बाबांचं डोकं फिरलं, असं वाटेल तुला. पण हे समोरासमोर माझ्याच्यानं बोलवत नाही. म्हणून तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवतोय.

काल मृणाल एचएसजी करून आली. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला. रिक्षातून उतरली ती ओटीपोट धरूनच. तेवढ्यात कमलआत्याचा फोन, "गोड बातमी कधी गं?" तुला कुणी विचारत नाही. तिची ही चौथी तपासणी. तुझी एकही नाही.

खरं तर हे बोलायचा मला अधिकार नाही. आम्हाला सहा वर्षं मूल नव्हतं. तुझ्या आईनं सोळा सोमवार केले, चतुःशृंगीला नवस बोलली, दोनदा क्युरेटिंग करून घेतलं, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून घेतलं. सदाशिव पेठेतल्या आपल्या वाड्यात कुणाचं डोहाळजेवण असलं की लाडू वळायला तिला हाक मारत. ओटी भरायला मात्र नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझाही रिपोर्ट मागितला होता. मी दोन वर्षं टाळलं. ऑफिस, ऑडिट, पाऊस. कारणांना काय तोटा!

शेवटी तपासणी केली. व्हेरिकोसील निघालं, अंडकोषाजवळच्या शिरा फुगलेल्या. १९८९ साली ऑपरेशन झालं. घरी हर्नियाचं म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी तू झालास. "देवीनं हिचा दोष काढला," असं आजी शेवटपर्यंत म्हणायची आणि मी खाली मान घालून जेवत असे. तुझी आई गप्प राहिली, मीही राहिलो. ती माझ्यासाठी, मीही माझ्यासाठीच.

मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. तुझी तपासणी वीर्याची, तिला ना सुई, ना भूल. आधी २ ते ७ दिवस संयम, एवढंच. नमुना घरी घेतला तर तासाभरात पोचवावा लागतो. कर्वे रोडची गर्दी बघता लॅबमध्येच दिलेला बरा. शुक्राणूंचा आकडा कमी आला तरी एका रिपोर्टवर निकाल लागत नाही, पुन्हा तपासतात.

शनिवारी तुला सुट्टी आहे. मी सोबत येतो, बाहेर बाकावर बसेन. आणि आत्याचा फोन परत आला तर मृणालनं घ्यायचा नाही, मला द्या. माझं ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं, हे तिला सांगायचं राहिलंय.

तुझे
बाबा