‘हस्तनिर्मित’ म्हणजे सुरक्षित नव्हे

संपादक महोदय,

वाढदिवसासाठी ‘काहीतरी वेगळे’ खेळणे ऑनलाइन शोधणारे पालक फोटो आणि किंमत पाहतात, पण आयएसआय चिन्ह पाहत नाहीत. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून हे चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाच्या वर मानक क्रमांक आयएस ९८७३ (विजेच्या वा बॅटरीच्या खेळण्यांना आयएस १५६४४) आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. ते खोक्यावरच्या नावाशी जुळले नाही, तर खेळणे परत करावे.

नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि कर्नाटकातील चन्नपटणाच्या लाकडी खेळण्यांसारख्या भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते यांना यातून सूट आहे. मात्र नुसता ‘हँडमेड’ शब्द म्हणजे सूट नव्हे, आणि विक्रेते नेमका तोच मोठ्या अक्षरांत छापतात! अशा वेळी कारागिराचा नोंदणी क्रमांक मागावा.

तीन वर्षांखालील मुलासाठी फोटोपेक्षा मापे वाचावीत. प्रमाणित चाचणीच्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारा मणी, चाक वा डोळा घशात अडकू शकतो. बटण सेलचे झाकण स्क्रूचेच हवे. सुटी चुंबके असलेले खेळणे तर लहान मूल असलेल्या घरात नकोच. दोन चुंबके गिळली गेल्यास ती आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडते.

परतीची मुदत संपण्याआधी खोके उघडून हे सारे तपासावे. विक्रेता दाद देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

– एक वाचक