तीन दिवसांच्या गल्ल्यावर चित्रपटाचा निकाल लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दर सोमवारी, आधीच्या शुक्रवारी लागलेल्या चित्रपटांनी तीन दिवसांत किती कोटींचा गल्ला जमवला याची बातमी येते आणि बहुतेक वेळा चित्रपट चालला की पडला हेही मथळ्यातच सांगून टाकलेले असते. सांगली जिल्ह्यातल्या एका एकपडदा चित्रपटगृहात मी पंचवीसहून अधिक वर्षे व्यवस्थापक होतो. हे आकडे कसे तयार होतात आणि त्यांत काय धरलेले नसते, हे मला जवळून ठाऊक असल्याने हा पत्रप्रपंच.

आमच्याकडे रात्रीचा शेवटचा खेळ सुरू झाला की डीसीआर, म्हणजे रोजच्या कलेक्शनचा तक्ता, लिहायला बसावे लागे. बाल्कनी, अपर स्टॉल, स्टॉल अशा प्रत्येक वर्गाच्या तिकीटपुस्तकाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक, विकलेली तिकिटे, करमणूक कर वजा जाता उरलेली रक्कम, असे सगळे कार्बन घालून तीन प्रतींत लिहायचे आणि त्यावर वितरकाच्या प्रतिनिधीची सही घ्यायची. हा प्रतिनिधी चित्रपटाच्या पेट्यांबरोबर यायचा आणि खेळ सुरू झाल्यावर अंधारात बॅटरी घेऊन भरलेल्या खुर्च्या मोजून जायचा. एका तिकिटाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत आम्ही कोणी घरी जात नव्हतो. त्या तक्त्यात तिकिटांचा रकाना आधी होता, रुपयांचा नंतर. आज प्रत्येक खुर्चीची नोंद त्याच क्षणी संगणकावर होते, तरीही वाचकापर्यंत तिकिटांची संख्या पोहोचतच नाही. पोहोचतो तो कोटींचा आकडा, आणि तोही एक तर निर्मात्याच्या जाहिरातीतला असतो किंवा व्यवसायावर लिहिणाऱ्या संकेतस्थळांनी बांधलेला अंदाज असतो. तो तपासून जाहीर करणारी अधिकृत यंत्रणा आपल्या देशात नाही.

शिवाय ‘कमाई’ हा एकच शब्द वेगवेगळ्या रकमांसाठी वापरला जातो. 236 रुपयांचे तिकीट धरा. शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी असल्याने त्यातले 36 रुपये सरकारजमा होतात आणि निव्वळ कलेक्शन 200 रुपये उरते. 2009 साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यातला वाद इतका चिघळला होता की सुमारे दोन महिने मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. तो मिटताना ठरलेल्या सूत्रानुसार निव्वळ कलेक्शनमधला वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि त्यानंतर 30 टक्के असतो. म्हणजे त्याच तिकिटाचे पहिल्या आठवड्यात 100 रुपये, दुसऱ्यात 85, तिसऱ्यात 75 आणि पुढे 60 रुपये चित्रपटाच्या बाजूला येतात, आणि त्यातूनही प्रसिद्धी व वितरणाचा खर्च वजा व्हायचा असतो. एका बातमीतले दहा कोटी ग्रॉस, म्हणजे करासहित असतील आणि शेजारच्या चौकटीतले नऊ कोटी नेट, म्हणजे कर वजा जाता असतील, तर प्रत्यक्षात दुसरा चित्रपट पुढे असतो, पण वाचकाला तो मागे पडलेला दिसतो.

मराठी चित्रपटांचे करारही साधारण अशाच उतरत्या भाजणीने होतात, आणि मराठी प्रेक्षक मात्र चढत्या क्रमाने येतो. प्रसिद्धीला पैसा थोडा असतो, आगाऊ बुकिंग बेताचे असते. शुक्रवारी पाहिलेला माणूस शनिवारी घरी सांगतो, रविवारी शेजारी ठरवतात आणि पुढच्या आठवड्यात घोळका निघतो. 30 जून 2023 रोजी लागलेल्या ‘बाईपण भारी देवा’चे उदाहरण ताजे आहे. व्यवसायातल्या अंदाजांनुसार त्याचे पहिल्या तीन दिवसांचे कलेक्शन साडेसहा कोटींच्या आसपास होते, आणि दुसऱ्या रविवारी एका दिवसातच ते सहा कोटींवर गेले. ‘सैराट’सारखा पहिल्याच दिवसापासून गर्दी खेचणारा चित्रपटही मराठीत होतो, हे मान्यच आहे, पण तो नियम धरून बाकीच्यांना मोजणे हा अन्याय आहे. याच भाषेत ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा चित्रपट 1936 साली मुंबईत लागून एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि दादा कोंडके यांचे चित्रपट रौप्यमहोत्सव करत राहिले. तेव्हा यश आठवड्यांत मोजले जात होते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी आणि माझी पत्नी एक मराठी चित्रपट पाहायला शेजारच्या शहरातल्या मल्टिप्लेक्सला गेलो. शुक्रवारी त्याचे चार खेळ होते. सोमवारी सकाळी सव्वादहाचा एकच उरला होता. खिडकीवरच्या मुलाने सांगितले, “वीकेंडला कलेक्शन आलं नाही, काका.” आत चाळीसेक माणसे होती. आमच्या मागच्या रांगेतल्या तिघी शिक्षिका रजा टाकून आल्या होत्या, कारण संध्याकाळचा खेळच ठेवला नव्हता. त्याच सकाळी एका वर्तमानपत्रात तो चित्रपट ‘आपटला’ असे छापून आले होते. गुरुवारी तो पडद्यावरून उतरला. नोकरदार माणसाला सव्वादहाच्या खेळाला येता येत नाही हे कळायला व्यवस्थापकाचा अनुभव लागत नाही. मराठीला प्राइम टाइम मिळावा म्हणून 2015 साली राज्य सरकारने नियम केला, पण आधी जाहीर झालेली संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ लगेचच दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. त्यामुळे कोणत्या चित्रपटाला किती खेळ मिळाले आणि कोणत्या वेळेचे मिळाले, हे न सांगता दोन चित्रपटांच्या कमाईची तुलना करणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकिटांची संख्या का हवी, हे 23 सप्टेंबर 2022 रोजी दिसले. राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त त्या दिवशी देशभर तिकीट 75 रुपये ठेवले होते आणि एका दिवसात सुमारे 65 लाख प्रेक्षक आल्याचे मल्टिप्लेक्सचालकांच्या संघटनेनेच सांगितले. नुसत्या कोटींच्या रकान्यात ही गर्दी दिसली नसती. प्रेक्षक आहेत, तिकीट परवडले तर ते येतात. दर वाढवून जमलेले कोटी छापले की दरवर्षी नवा विक्रम होतो आणि रिकाम्या खुर्च्या झाकल्या जातात, याची मला मनापासून काळजी वाटते.

केरळात 2025 साली निर्मात्यांच्या संघटनेने दर महिन्याला प्रदर्शित झालेल्या चित्रपटांचा खर्च आणि थिएटरमधून मिळालेला हिस्सा जाहीर करायला सुरुवात केली. त्या आकड्यांवर आक्षेप आले, वाद झाले. तरी आकडे चव्हाट्यावर आल्याशिवाय वादसुद्धा नीट होत नाही. महाराष्ट्रातल्या निर्मात्यांनीही हे करावे. ते करेपर्यंत आपल्या बातमीत रक्कम ग्रॉस आहे की नेट, ती कोणी सांगितली आणि किती खेळांतून आली, एवढे तरी द्यावे, आणि चालला-पडला हा शब्द निदान दुसऱ्या शुक्रवारपर्यंत राखून ठेवावा. आम्ही स्वतः रविवारच्या हाउसफुल्लवर कधी विसंबलो नाही. सोमवारच्या मॅटिनीचा आकडा शुक्रवारच्या मॅटिनीशी ताडून मगच चित्रपट पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचा की नाही, हे वितरकाशी बोलत होतो. तो सोमवारचा आकडाही आपल्या मंगळवारच्या अंकात यावा.

आपल्या प्रतिनिधीला डीसीआर कसा वाचायचा हे समजून घ्यायचे असल्यास जुने तक्ते माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. ते घेऊन बसायला मी केव्हाही तयार आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रपटगृह व्यवस्थापक,
जि. सांगली