ग्वाल्हेरचा किल्ला पायीच चढ

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्या,

मीनलकडे ग्वाल्हेरला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. हाताशी शनिवार-रविवारच आहे म्हणतेस, पण शुक्रवार-सोमवारची रजा टाकच. पंजाब मेल कल्याणला रात्री येते आणि दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर पोचवते. ऐरोलीहून ठाणं, मग कल्याण, तेही संध्याकाळच्या गर्दीत सामानासकट; एक तास जादा धरून नीघ. परतीची मेल फिरोजपूरहून येते. डिसेंबर-जानेवारीत पंजाब-दिल्लीच्या धुक्यात ती रखडते, म्हणून फेब्रुवारी बरा.

शनिवारची सकाळ किल्ल्याला दे. रिक्षावाल्याला नुसतं ‘किला’ सांगितलंस तर तो पश्चिमेच्या उरवाई रस्त्याने थेट वर नेईल आणि सगळ्यात मोलाची गोष्ट हुकेल. ‘गूजरी महल’ सांग. तिथून पूर्वेची दगडी चढण सुरू होते, तिच्यावर गाडी जात नाही. वाटेत एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं, अगदी चिमुकलं. दाराला कुलूप दिसलं तर मागे फिरू नकोस, रखवालदाराला विचार. आत इ. स. ८७६ चा शिलालेख आहे: देवासाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद बाग आणि रोजच्या ५० माळा. त्यातला २७० आपल्याला आजही वाचता येतो, शून्यासकट! ‘दुनिया का पहला ज़ीरो’ असं कुणी सांगेल, पण कंबोडियातला ६८३ चा लेख त्याहून जुना. तरी बागेच्या मापात आणि फुलांच्या हिशेबात सहज येऊन बसलेलं हे शून्य मला फार लोभस वाटतं.

वर राजा मानसिंह तोमराचा राजवाडा, मानमंदिर. बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशा आणि पिवळ्या बदकांची रांग आहे, ती आधी लांबून बघ. तळघरात काळोख असतो, मोबाइल चार्ज करून ने. पुढे सास-बहू मंदिर (मूळ शब्द सहस्रबाहू) आणि तेली का मंदिर. माथा जवळजवळ तीन किलोमीटर लांब आणि सावली कमी, तेव्हा पाणी भरपूर घे. उतरताना मात्र उरवाईनेच ये. कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती गाडीतून नीट दिसत नाहीत.

रविवारी सकाळी लष्कर भागात बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि जिलबी खा. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं शहर झालं, म्हणून ते लष्कर. मग शिंद्यांचा जयविलास राजवाडा आणि फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. हजिरा भागात जाळीदार भिंतींची मोठी कबर दिसेल, ती सूफी संत मुहम्मद गौस यांची. तानसेनाची शेजारी आहे, साधी नि छोटी. पुष्कळजण मोठीलाच नमस्कार करून परततात.

मीनलच्या सासूबाईंना आमसुलं आणि कुळथाचं पीठ ने, तिकडे सहज मिळत नाही. येताना मुरैन्याची गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई) आण. आपल्या दमट हवेत ती लगेच मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा इथूनच घेऊन जा.

तुझी,
सुनंदा