दक्षिण सुदान: खुर्च्या वाटल्या, फौजा तशाच

महोदय,

दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली तेव्हा अकोबो येथील संयुक्त राष्ट्रांच्या तळावर जमाव चालून आला. आत जीव मुठीत धरून आलेले नागरिक होते. त्या हल्ल्यात दोन भारतीय शांतिसैनिक मारले गेले. तो देश स्वतंत्र होऊन तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती.

त्यानंतर राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे विरोधक, बंडखोरांचे नेते रिएक माचार यांच्यात २०१५ मध्ये करार झाला. वर्षभरातच, जुलै २०१६ मध्ये, राजधानी जुबात पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि करार मोडला. २०१८ मध्ये नव्याने सह्या झाल्या. त्या करारातले खुर्च्यांचे वाटप तेवढे झाले: २०२० मध्ये माचार पुन्हा उपराष्ट्राध्यक्ष झाले. दोन्ही बाजूंचे सैनिक एकत्र करून एकच फौज उभारायची होती. त्यातली पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला; बाकीचे जो तो आपापल्या सेनापतीच्या शब्दावर. युद्धगुन्ह्यांसाठी आफ्रिकी संघाच्या मदतीने जे न्यायालय व्हायचे होते, ते कागदावरच आहे. डिसेंबर २०२४ ची निवडणूक दोन वर्षे पुढे ढकलली गेली. मार्च २०२५ मध्ये माचार नजरकैदेत गेले आणि त्याच वर्षी त्यांच्यावर देशद्रोह व खुनाचे आरोप ठेवले गेले. करारावर सही करणारा एक जण दुसऱ्याच्या कैदेत असेल, तर करार उरला तरी कुठे?

माझे म्हणणे एवढेच की याचे खापर शांतिसेनेवर फोडू नये. बेंटिऊ, मलाकाल येथील तिच्या छावण्यांनी हजारो माणसे जगवली. मलाकालच्या छावणीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्ला झाला तेव्हा शांतिसेना कमी पडली, हेही खरे, आणि ते लपवू नये. पण फाटकावर उभा असलेला जवान दोन फौजांची एक फौज करू शकत नाही. त्यासाठीचा दबाव इतर देशांच्या राजधान्यांतून यायला हवा.

या मोहिमेत सर्वाधिक सैनिक पाठवणाऱ्या देशांत भारत आहे. जवान पाठवणाऱ्या देशाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. यापुढे मोहिमेच्या मुदतवाढीचा विषय निघेल तेव्हा, फौजा कधी एक होणार आणि न्यायालय कधी उभे राहणार, याच्या तारखा भारताने जाहीरपणे मागाव्यात.

– एक वाचक