ऑइल गळतंय म्हणून नट आवळत सुटू नका

मा. संपादक,

आपल्या पेपरच्या वाहनांच्या पानावर मध्यंतरी एक छोटी टिप आली होती, बाइकखाली ऑइलचे डाग दिसले तर ड्रेन नट (इंजिनच्या तळाचा, ऑइल काढायचा नट) आणि कव्हरचे बोल्ट नीट आवळून घ्या अशी. वाचून कपाळावर हात मारला, कारण नेमका हाच उद्योग मी स्वतः करून बसलोय. डाग ड्रेन नटच्या बरोबर खाली पडायचा म्हणून आधी वायसर बदलला, तरी ठिपका येतच राहिला, मग पान्यावर जोर लावला आणि तिसऱ्यांदा आवळताना नट एकदम मऊ फिरला. ज्याने हे अनुभवलंय त्याला कळेल पोटात कसा गोळा येतो ते. नट लोखंडी, इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं, त्यामुळे आटे केसिंगचे गेले, मग भोक पाडून हेलिकॉइल (तारेचे नवीन आटे) बसवून घ्यावं लागलं. आणि एवढं करून गळती तिथली नव्हतीच! इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून (जोडातल्या पॅकिंगमधून) ऑइल पाझरत होतं, ते इंजिनच्या बाहेरच्या पत्त्यांवरून (थंड करायच्या पातळ पट्ट्यांवरून) खाली उतरून सगळ्यात खालच्या टोकाला म्हणजे ड्रेन नटवर जमायचं.

म्हणून सांगायचं एवढंच की जिथे ठिपका पडतो तिथे गळती असतेच असं नाही. ऑइल वरून खाली येतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं आणि साइड स्टँडवर लावली की डावीकडे ओघळतं, त्यामुळे उजव्या कव्हरची गळती डाव्या बाजूला दिसू शकते.

शोधायची पद्धत अगदी साधी आहे पण कंटाळवाणी, म्हणूनच कोणी करत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल नाहीतर डिग्रीझर आणि जुन्या टूथब्रशने सगळं इंजिन धुवायचं (गरम इंजिनवर रॉकेल चुकूनही नको), कोरडं पुसायचं, एक रात्र तसंच ठेवायचं. मग जोडांवर, म्हणजे टॅपेट कव्हर, हेड आणि ब्लॉकचे जोड, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, गिअर शाफ्ट, सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरवायची. मोकळ्या हवेत गाडी मेन स्टँडवर उभी करून दहाएक मिनिटं चालू ठेवायची, कारण ऑइल गरम होऊन पातळ झाल्याशिवाय बारीक गळती तोंड दाखवत नाही. पांढऱ्या पावडरवर ओली काळी रेघ उमटते, तिचं सगळ्यात वरचं टोक बघायचं, खालचं नाही. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर आटे वाचले असते.

पुढच्या स्प्रोकेटजवळ (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाजवळ) मात्र फसायला होतं. तिथे चेनचं ल्यूब उडून सगळं काळं झालेलं असतं आणि लोक उगाच शाफ्टभोवतीचं रबरी ऑइल सील बदलतात. स्प्रोकेटचं कव्हर काढून धुवा, मग परत बघा, ल्यूब चिकट असतं, इंजिन ऑइल पातळ.

आणि हो, काही उघडायच्या आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) बघा. गाडी सरळ उभी करून, आणि डिपस्टिकचा आटा फिरवून मोजायचं की नुसती टेकवून हे मॅन्युअलमध्ये बघून. ऑइल जास्त भरलं असेल तर ते ब्रीदर पाइपमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं. तो पाइप दबलेला किंवा चोक झालेला असला तर आत प्रेशर वाढतं आणि चांगली सीलसुद्धा गळायला लागते, अशा वेळी सील कितीही वेळा बदला काही फरक पडत नाही.

टॅपेट कव्हरचं काम घरी होतं. जुनं रबर कडक, चपटं झालेलं असतं, ते काढून खाच स्वच्छ पुसायची, नवीन बसवायचं, बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, छोट्या ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढंच लागतं, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो). क्लच कव्हर खोलायचं तर आधी ऑइल काढा, बोल्ट लांब आखूड असतात म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवा, आणि जुना कागदी गॅस्केट स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, ॲल्युमिनियमला चरा पडला की नवीन गॅस्केटही गळतो. ड्रेन नटचा वायसर दर ऑइल चेंजला नवीनच टाका.

सगळ्यात राग येतो तो सिलिकॉन फासण्याचा. गॅस्केट न बदलता बाहेरून आतून ट्यूबभर सिलिकॉन लावतात, दोन महिने गळती थांबते, गिऱ्हाईक खूश, पण आतल्या बाजूला पिळून आलेले तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात आणि वर हेडला ऑइल कमी पोचतं. त्यापेक्षा रोजचा एक ठिपका परवडला. ठिपका परवडला म्हणजे टायरवर यायला लागेपर्यंतच हं, मागच्या टायरला ऑइल दिसलं तर गाडी बाहेर काढायची नाही.

ब्लॉकच्या खालचा गॅस्केट गळत असेल तर ते मात्र घरचं काम नाही, हेड आणि ब्लॉक दोन्ही उतरवावे लागतात. ते मीही मेकॅनिककडेच दिलं असतं.

ती टिप दुरुस्त करून परत छापता आली तर बघा. निदान "आवळा" च्या आधी "धुवा" एवढा एक शब्द तरी टाका.

आपला,
एक वाचक